कोंडवाड्याचा पिंडर

हेडली पिंडर सकाळी उठायचा तो रागावूनच. राग यायला त्याला कारण लागत नसे. कारणं दिवसभरात सापडत जायची. चहा गरम असला तर जीभ पोळली म्हणून, निवलेला असला तर घरात माणसाला किंमत नाही म्हणून. रेडिओवर हवामान सांगणाऱ्या माणसाशी त्याचं वीस वर्षांचं भांडण होतं आणि त्या माणसानं त्यात एकदाही माघार घेतली नव्हती, हे हेडलीचं मोठं दुखणं. त्याची बायको विनी म्हणायची, "तो दुपारपर्यंत चिडला नाही तर मी डॉक्टरांना निरोप धाडते."

स्कारथॉर्पच्या पोस्टाच्या खिडकीमागे मी सत्तावीस वर्षं काढली. हेडली दर मंगळवारी यायचा, मुख्यतः पोस्टाच्या पेनाला शिव्या द्यायला. रस्त्याकडेची काटेरी कुंपणं छाटणं आणि चर उपसणं ही त्याची नोकरी. पण कुणी विचारलं, "काय करता?" तर तो नोकरीचं नावही काढत नसे. छाती काढून सांगायचा, "मी पिंडर. कामानंही आणि नावानंही."

आता आमच्याकडे आडनाव आणि काम यांचा संबंध कधीच सुटलेला. सहा-सातशे वर्षांपूर्वी राजाच्या कारकुनाला कर बसवायचा होता. गावात येऊन बघतो तर निम्मे जॉन आणि उरलेले विल्यम. बिचाऱ्यानं मग एकेकाला त्याच्या धंद्याचं शेपूट लावलं. जॉन लोहार, जॉन शिंपी, विल्यम गाडे करणारा. धंदा माणसाबरोबर मेला, शेपूट मात्र नातवंडा-पतवंडांना लागून राहिलं. म्हणून आमचा स्मिथ, म्हणजे लोहार, बँकेत असतो आणि शेगडी पेटवायची तर बायकोला हाक मारतो. टेलर म्हणजे शिंपी. त्याच्या कोटाला मी कधी तीनही बटणं एका वेळी पाहिली नाहीत. मिस कुक यांचं आडनाव स्वयंपाकिणीचं. त्या आता नाहीत आणि मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, म्हणून त्यांच्या अंड्याच्या पुडिंगाबद्दल मी गप्प बसतो.

पिंडर म्हणजे भटकी जनावरं कोंडवाड्यात घालणारा. सगळ्या गावात आडनावाला जागणारा माणूस हा एकटाच.

कारण आमच्याकडे कोंडवाडा अजून चालू होता. गावाची तीन मोठी शेतं, त्यांत घराघराचे पट्टे, आणि पट्ट्यांच्या मधे कुंपण नाही. एकाची मेंढी सुटली की बारा जणांच्या गव्हात जेवते. चर्चच्या खालच्या अंगाला दगडी गोल भिंतीचा कोंडवाडा आहे, त्याला ओकच्या लाकडाचं फाटक आणि वीतभर लांबीची किल्ली. दर नोव्हेंबरात पबच्या मागच्या खोलीत जमीनदाराचे कारभारी आणि गावचे बारा पंच बसायचे, वर्षाचे तंटे मिटवायचे आणि पिंडर नेमायचे. नेमणूक कशी, तर हेडलीनं किल्ली टेबलावर ठेवायची आणि पंचांच्या म्होरक्यानं, सायलस वॅडमननं, मान वर न करता ती परत त्याच्याकडे सरकवायची. मग नव्या पिंडरला, म्हणजे जुन्याच पिंडरला, बिअरचा पहिला मग. हेडलीआधी त्याचा बाप, बापाआधी आजोबा थॉमस. किल्ली सरकून सरकून टेबलावर वाट पडली होती.

"तेराशे बत्तीसच्या कराच्या यादीत विल्यम पिंडर आहे," हेडली ऐकवायचा. "राजे आले, राजे गेले. एकाचं तर मुंडकंही गेलं. पिंडर हलला नाही."

हे तो सगळ्यात जास्त ऐकवायचा अमोस स्टॉटला. स्टॉट हा गावातला मोठा शेतकरी आणि त्याच्या मेंढ्या गावातल्या मोठ्या भटक्या. वर्षातून आठ-दहा वेळा त्याला टोपी हातात घेऊन कोंडवाड्याच्या फाटकाशी यावं लागे. हेडली त्याला तिथं उभं करून आधी इतिहास ऐकवी, मग मेंढी देई. स्टॉट म्हणायचा, "दंडाचं काही नाही रे, भाषण बंद कर."

एकसष्ट साली हेडलीला साठावं लागलं आणि घात झाला. घात केला तो थर्लो मास्तरांनी, आणि तोही प्रेमानं. मास्तर शहरातल्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले. माणूस लोण्यासारखा, पण लोकांवर उपकार करण्याची भयंकर हौस. त्यांनी ठरवलं, हेडलीला वाढदिवसाला वंशावळ भेट द्यायची, थेट तेराशे बत्तीसपर्यंत. पाद्रीबुवांकडून चर्चच्या जुन्या वह्या मागून त्यांनी तीन आठवडे धूळ खाल्ली. आणि एका शुक्रवारी पोस्टात आले ते चेहरा पिठासारखा करून.

"तुम्ही गावात जुने," मास्तर मला म्हणाले. "तुम्हीच सांगा, हे त्याला द्यावं का?"

कागदावर त्यांच्या सुबक अक्षरात दोन नोंदी होत्या. पहिली, सतराशे चौसष्ट सालची: जोनस पिंडर पुरला, मूलबाळ नाही. त्यानंतर पंचाहत्तर वर्षं वहीत पिंडर नावाचा जन्म नाही, लग्न नाही, मरण नाही. मग दुसरी नोंद. मार्च अठराशे एकोणचाळीस. थॉमस, गावच्या कोंडवाड्यात सापडलेलं मूल. आईबाप अज्ञात. सापडल्या जागेवरून आडनाव पिंडर दिलं.

म्हणजे हेडलीचा आजोबा कोंडणाऱ्यांच्या वंशातला नव्हता. तो कोंडवाड्यात मिळालेला होता.

"फाडून टाका," मी म्हणालो. "आणि कुणाजवळ बोलू नका."

मास्तर बोलले नाहीत. कागद मात्र त्यांनी फाडला नाही, इतिहासाच्या मास्तरला कागद फाडवत नाही. बोललो मी. अगदी एकाच माणसाजवळ, आणि तेही शपथ घालून. हे आज लिहितानाही माझ्या कानाच्या पाळ्या तापतात. मी ज्याला सांगितलं त्यानंही शपथ घालूनच पुढं सांगितलं असणार, कारण चहाच्या वेळेपर्यंत सगळं गाव शपथेखाली होतं.

शनिवारी संध्याकाळी हेडली पबमध्ये आला, नेहमीच्या जागेवर बसला, बिअरला पाणचट म्हणाला. सगळं नेहमीसारखं. फक्त कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. स्टॉटनं आपला मग उचलला आणि त्याच्या शेजारी येऊन टेकला.

"हेडली, एक विचारू? तुझ्या आजोबाला सोडवायला दंड किती होता रे?"

"काय बरळतोयस?"

"नाही, मी आपलं म्हटलं, कोंडवाड्यात होता म्हणतात. कुणी न्यायलाच आलं नाही म्हणे. माझी लंगडी मेंढीसुद्धा मी नेतो बाबा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. हेडलीनं एकेका चेहऱ्याकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. त्यानं हातातला मग खाली ठेवला, इतका हळू की आवाज झाला नाही, आणि टोपी घालून निघून गेला. साठ वर्षांत हेडली पिंडर पहिल्यांदा गप्प राहून रागावला, आणि पबमध्ये बसलेल्या आम्हा सगळ्यांना तेव्हाच घरी जावंसं वाटलं.

तो तडक मास्तरांकडे गेला. मास्तरांनी कागद दाखवला. "मी तुमच्या भल्यासाठीच…" ते म्हणू लागले.

"माझ्या भल्याचं मी बघेन," हेडली म्हणाला. "मेलेल्या म्हाताऱ्याला उकरायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? भाकड गाईसारखे रिकामे आहात म्हणून?"

पुढचा महिनाभर त्याचा राग गावभर वळू सुटल्यासारखा फिरत होता. त्यानं छाटलेली कुंपणं बघून लोक सांगत, कोणत्या दिवशी राग किती चढला होता. चर्चमध्ये जाणं बंद केलं, कारण तिथं ती वही होती. आरशात बघून दाढी करणं बंद केलं, कारण तिथं कोण दिसतंय ते ठाऊक नव्हतं. हे मला विनीनं सांगितलं, पोस्टाच्या खिडकीशी, माझ्याकडे रोखून बघत. तिला माहीत होतं.

"मी त्याला म्हटलं, तुझा राग कुणावर आहे ते एकदा ठरव. सगळ्या घरावर पातळ पसरू नकोस, कुणाच्याच वाट्याला नीट येत नाही. तर म्हणतो, म्हाताऱ्या आजोबावर आहे. चौदा वर्षांचा होतो तो गेला तेव्हा, रोज त्याच्या मांडीशी असायचो, एका शब्दानं बोलला नाही." तिनं पिशवी खिडकीच्या फळीवर ठेवली. "म्हातारा कोंडवाड्यात जनावर घातलं की घरी यायचा नाही, माहीत आहे तुम्हाला? मालक येईपर्यंत बाहेर दगडावर बसून राहायचा. पाऊस असो, बर्फ असो. गवत टाकायचा, बोलायचा त्याच्याशी. हेडलीला वाटायचं, नियमच आहे तसा. अठ्ठावीस वर्षं तोही बसतोय दगडावर. न्यूमोनिया झाला तेव्हाही बसला होता. परवा मला विचारतो, विनी, असा नियम कुठंच लिहिलेला नाही ना? मी म्हटलं, नाही. तर भिंतीकडे तोंड करून पडला."

मी तिला विचारलं, तिकिटं किती हवीत.

इकडे स्टॉट कामाला लागला होता. त्यानं पंचांच्या घरोघरी जाऊन सांगितलं, की किल्ली हेडलीला का मिळते, तर पिंडरांच्या रक्ताची म्हणून. ते रक्तच नाही, तर किल्ली कसली? माझा पुतण्या तरुण आहे, त्याला द्या. आपल्याच मेंढ्यांची किल्ली आपल्याच घरात यावी यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. आणि गंमत म्हणजे पंचांनाही ते पटू लागलं होतं. वर्षानुवर्षं हेडलीच्या शिव्या खाल्लेली माणसं ती. त्यांना हेडली नको होता असं नाही, पण त्याची एकदा जिरलेली बघायची होती.

बैठकीच्या आदल्या दिवशी थर्लो मास्तर हेडलीच्या दारात गेले. विनीनं आत घेतलं नसतं, पण मास्तर भिजले होते आणि भिजलेला मास्तर फार केविलवाणा दिसतो.

"मी अर्धवट काम केलं," मास्तर म्हणाले. "चर्चची वही पाहिली, पण कारभाऱ्यांकडची बैठकीची जुनी वही पाहिली नव्हती. आज पाहिली. मूल सापडलं तेव्हा गावानं काय केलं ते त्यात आहे."

हेडली शेगडीकडे तोंड करून बसला होता. "काय केलं?"

"भटक्या जनावराचा जो रिवाज, तोच केला. दुसरा माहीत नव्हता. तीन रविवार चर्चच्या दारात पुकारलं आणि दोनदा बाजारात. कुणाचं असेल त्यानं यावं म्हणून."

"मेंढरासारखं."

"मेंढरासारखंच," मास्तर म्हणाले. हा माणूस आयुष्यात खोटं बोलायला शिकला नाही. "पण पुढचंही आहे. वाचू?"

त्यांनी वाचलं. हेडलीनं त्यांच्याकडून ते तीनदा वाचून घेतलं, आणि मग विनीला म्हणाला, "मास्तरांना चहा दे. आणि तो कोमट देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत दाटी झाली होती. बैठक म्हटलं की डुकराचं मांस भरलेले पाव आणि बिअर मोफत, पण त्या दिवशी लोक खाण्यासाठी आले नव्हते. कारभाऱ्यांनी चष्मा लावून तंटे वाचले, पंचांनी माना डोलावल्या. मग ते म्हणाले, "पिंडर."

हेडली दाराशी उभा होता, ओल्या कोटात. टेबलापर्यंत तो गेलाच नाही. त्यानं किल्ली शेजारच्या माणसाच्या हातात दिली आणि ती हातोहात टेबलावर पोचली. वॅडमननं तिच्याकडे बघितलं. सरकवली नाही.

स्टॉट उठला. "माझं हेडलीविरुद्ध काही नाही," तो म्हणाला. ज्याचं काही असतं तो असंच सुरू करतो. "माणूस कामाला चोख आहे. पण ही किल्ली वंशाची. आता कळलं की वंश इथला नाही. कुठला, तेही ठाऊक नाही. जिप्सींचा असेल, कालवा खणणाऱ्या मजुरांचा असेल. गावची किल्ली गावच्या माणसाकडे असावी, एवढंच म्हणणं."

"झालं?" हेडलीनं विचारलं.

"झालं."

"कारभारी, अठराशे चाळीसचं पान काढा. मार्च महिना, जादा बैठक."

कारभाऱ्यांनी वही उघडली; मास्तरांनी आदल्या दिवशीच खूण घालून ठेवली होती. त्यांनी वाचलं. कोंडवाड्यात सापडलेलं मूल, रीतसर पुकारलं. वर्ष आणि एक दिवस झाला. कुणी दावा सांगितला नाही. सबब रिवाजाप्रमाणे ते गावाचं झालं, असा बारा पंचांचा निर्णय.

"ऐकलंस?" हेडली म्हणाला. आवाज चढलेला नव्हता आणि म्हणूनच आम्हाला तो ऐकवत नव्हता. "तुझा आजोबा कुठून आला, अमोस? लिंकन शहराकडून. एकोणीसशे चार साली. गाडीत दोन कपाटं आणि एक पियानो घालून. माझ्या बापानं तो उतरवायला हात लावला होता. तुम्ही सगळे कुठून ना कुठून आलात, आणि उद्या शेत विकून जाऊ शकता. मला जाता येत नाही. मी या वहीत चढलोय. बारा जणांनी निवाडा करून घेतलेला माणूस या खोलीत माझ्याशिवाय दाखव, त्याला दे किल्ली."

स्टॉट म्हणाला, "अरे पण ते मूल होतं, जनावराचा कायदा त्याला…"

"लावला ना? तेव्हा लावताना लाजले नाहीत, आता का लाजता? नको असेन तर पुन्हा पुकारा. तीन रविवार. मी दारात उभा राहतो. बघू या कुणी न्यायला येतंय का."

कुणी हसलं नाही.

"किल्लीचं हे झालं," हेडली म्हणाला. "आता माझं ऐका. मास्तर, तेव्हा गावात माणसं किती?"

मास्तर कोपऱ्यात होते. "दोनशे अकरा. दोन वर्षांनंतरच्या मोजणीत."

"दोनशे अकरा. इथं एका टोकाला गाईनं गाभ टाकला तर दुसऱ्या टोकाला न्याहारीच्या आत कळतं. पोस्टात तर गाईच्या आधी कळतं." मी बुटांकडे पाहिलं. "आणि बाईचं नऊ महिन्यांचं पोट कुणाला दिसलं नाही? तीन रविवार चर्चच्या दारात पुकारलं, हे कुणाचं? आणि दोनशे अकरा माणसं टोप्या हातात घेऊन ऐकत राहिली. वॅडमन, तुझे वाडवडील त्यांत होते. क्रॉफ्ट, तुझेही होते, तेव्हाच्या बारा पंचांत तुझं आडनाव आहे. ती कदाचित त्यांच्यातच उभी होती. छातीला दूध आलेलं असेल तिच्या. त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. कोंडवाड्यात मेंढी आली तर तिच्या कानाचा काप कसा, शिंग कुठं मोडलंय, सगळं लिहून ठेवता. त्या बाईचं नाव लिहायला शाई संपली?"

तो थांबला. बाराही पंच खाली बघत होते, आणि मला वाटलं, त्या तीन रविवारी त्यांचे आजे-पणजे असेच दिसत असणार, बूट तेवढे वेगळे.

सायलस वॅडमन उठला. किल्ली सरकवायचा रिवाज, उठायचा नव्हे. पण तो उठला, किल्ली घेऊन टेबलाला वळसा घालून माणसांतून वाट काढत दारापर्यंत गेला आणि त्यानं ती दोन्ही हातांनी हेडलीपुढे धरली. वॅडमनचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. तो लघवीलासुद्धा दोनदा विचार करून उठायचा.

हेडलीनं किल्ली घेतली. खिशात घातली. "तुम्ही दिली म्हणून घेत नाही," तो म्हणाला, "म्हाताऱ्याची आहे म्हणून घेतोय," आणि वळून निघून गेला. रिवाजाचा पहिला मग टेबलावर भरून ठेवलेला होता. त्याला त्यानं हात लावला नाही.

पिंडरचा मग दुसऱ्यानं पिऊ नये असा संकेत. त्यामुळे तो तसाच राहिला, वरचा फेस बसत गेला, आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती मांसाचे पाव चावत बसलो. स्टॉटनं एकदा हवामानाचा विषय काढून पाहिला. कुणी घेतला नाही.

तेवढ्यात विनी आत आली. त्या खोलीत बैठकीच्या दिवशी बाई आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. हेडली टोपी विसरला होता, ती न्यायला आली होती. तिनं खुंटीवरची टोपी काढली, मग टेबलावरचा मग बघितला, समजली, आणि उभ्या उभ्या शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला. मग पालथा ठेवला.

"पुढच्या वर्षीपासून बायकांनाही बसवा इथं," ती तोंड पुसत म्हणाली. "कोण कुणाचं ते आम्हाला ठाऊक असतं."

जाताना तिनं दार लावलं नाही. बाहेरचा गारठा सरळ आत येत होता, कारभाऱ्यांच्या वहीची पानं फडफडत होती, पण दार लावायला आमच्यापैकी एकही जण उठला नाही.